पाटी कोणाची?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी बंगळूरहून कोल्हापूरला बसने घरी चाललो होतो. संकेश्वरजवळ बस चहासाठी थांबली. समोरच्या पाटीवर कोणीतरी काळा रंग फासला होता. तमिळनाडूचा एक ट्रकचालक आमच्या ड्रायव्हरकाकांना मोडक्या हिंदीत रस्ता विचारत होता. त्याला ना कन्नड वाचता येत होते, ना मराठी. आणि इंग्रजी अक्षरेही रंगाखाली गेली होती.

भाऊबीजेला खानापूरचे मामा घरी आले, तेव्हा मी हे सांगितले. मामा म्हणाले, "आमच्या पाट्या पुसल्या तेव्हा कोणी विचारले का रे?" मला उत्तर सुचले नाही. ते आज लिहितो.

मामांचे दुःख खरे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हटवला गेला आणि गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तर पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासले गेले. म्हणजे रंगाचा डबा दोन्हीकडे आहे.

मराठी वस्तीत मराठी पाटी हवी, ही मागणी मला योग्य वाटते. माझे कन्नड मित्र बंगळूरमध्ये कन्नड पाटीसाठी हेच म्हणतात. पण आपली भाषा मागणे वेगळे आणि दुसऱ्याची पुसणे वेगळे.

१९४० साली जर्मन सैन्य उतरेल या भीतीने ब्रिटनने आपल्याच रस्त्यांवरच्या पाट्या काढल्या होत्या. शत्रूला वाट सापडू नये, हा हेतू. आपण पाटी काळी करतो तेव्हा शत्रू कोण असतो? तो ट्रकचालक? रात्री पेशंट घेऊन निघालेली रुग्णवाहिका?

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. तिथे तयार झालेला जवान देशात कुठेही जातो. तिथली भाषा त्याला येत नसली, तरी तो तिथल्या पाटीवर विश्वास ठेवून पुढे जातो.

मामा, सीमेची रेघ कुठे असावी हे न्यायालय ठरवेल. आपली पाटी मिळवण्यासाठी अर्ज करू, मोर्चे काढू, मीही येईन. पण उभी असलेली पाटी वाटसरूची आहे. तिला रंग फासायला मी येणार नाही.