सिग्नलमधली बाई किती सेकंद चालते?



2020 च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कॅडल रोडवर, म्हणजे स्वातंत्र्यवीर सावरकर मार्गावर, रस्ता ओलांडायच्या सिग्नलमध्ये पुरुषाच्या आकृतीऐवजी फ्रॉक घातलेली बाई दिसू लागली. महापालिकेच्या जी-उत्तर विभागाचं हे काम. देशात पहिल्यांदाच असं झालं म्हणून बातम्याही आल्या आणि लगेच लोकांत दोन तट पडले. एक म्हणे, चला, रस्ता बायकांचाही आहे हे निदान दिव्याने तरी मान्य केलं. दुसरा म्हणे, आधी खड्डे बुजवा, फुटपाथ मोकळे करा, चित्रं मग बदला. मेलबर्नमध्ये 2017 साली असेच दिवे लावले तेव्हाही असाच वाद झाला होता. आमच्या भिशीत मात्र तिसराच मुद्दा निघाला: दादरची बाई फ्रॉकमध्ये कशी? साडी का नाही नेसवली?

मला ती बाई आवडते. पण ती हिरवी होते तेव्हा किती सेकंद चालते, हे दोन्ही तटांतल्या कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

सिग्नलची वेळ काढताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे. रस्ता 20 मीटर रुंद असेल तर 17 सेकंद झाले. हा वेग धडधाकट माणसाचा. गुडघे धरलेली, हातात पूजेची डबी घेतलेली आजी सेकंदाला 0.8 मीटर चालली, तर तिला 25 सेकंद लागतात. मधले आठ सेकंद ती रस्त्यातच असते, आणि मोटारसायकलवाले तेवढे थांबत नाहीत. तिथे फ्रॉक काय नि साडी काय!

आपल्या मुनी-आर्यिकांचं पाहा. ईर्यासमिती म्हणजे दिवसाउजेडी, पुढची चार हात जमीन न्याहाळत चालायचं, मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून. श्वेतांबर मैत्रिणी साडेतीन हात म्हणतात, पण अर्थ तोच. वाहन वर्ज्य, पायात काही नाही. आता जी नजर जमिनीवर खिळलेली आहे ती उजवीकडून येणाऱ्या बसवर कशी ठेवायची? म्हणून विहारात पुढेमागे श्रावक-श्राविका चालतात आणि बघायचं काम आपण करतो. तरीही विहारात गाडीची धडक बसून साधू-साध्वी गेल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या आहेत! श्रद्धांजली सभा होते, चार दिवस हळहळ होते.

आणि मग त्याच आपण, सिग्नल दहा सेकंद वाढला की "गाडी अडते" म्हणून तक्रार करतो. दुभाजकाला रेलिंग लावलं तर वळसा पडतो म्हणून नाराज. मला जास्त राग येतो तो मंदिराच्या दारातल्या गाड्यांचा. पर्युषणात बघा, "दोनच मिनिटं" म्हणून दुहेरी रांग लागते, आणि चालत आलेल्या बायका उपाशीपोटी भर रस्त्यातून वाट काढतात. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाचा उल्लेख आहे. मारायचा हेतू नव्हता म्हणून सुटका होत नाही. झेब्रा क्रॉसिंगवर फोन कानाला लावून गाडी दामटणं हा प्रमाद नाही तर काय? आपण बटाटा टाळतो, त्यातल्या जिवांचा विचार करतो. क्रॉसिंगवरची बाई तर डोळ्यांना दिसते.

काही जणी म्हणतात, त्यापेक्षा पादचारी पूल बांधा, म्हणजे गाड्याही नकोत नि सिग्नलही नको. म्हणजे गाडीने सपाट जायचं आणि सत्तरीच्या बाईने पन्नास पायऱ्या चढायच्या! परळ-एल्फिन्स्टनच्या अरुंद जिन्यावर 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी 23 माणसं चेंगरून गेली. तो रेल्वेचा पूल होता, रस्त्यावरचा नव्हे. पण चालणाऱ्यांना जिन्यात कोंबलं की काय होतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ज्याला पूल हवा त्याने तो वापरावा, खालचं क्रॉसिंग मात्र बंद होता कामा नये.

सिग्नल महापालिका बसवते, त्याच्या वेळा वाहतूक पोलीस बघतात. म्हणून पत्र दोन्हीकडे द्यायला हवं, आणि त्यात नुसतं "उपाययोजना करावी" लिहून उपयोग नाही. रस्ता किती मीटर रुंद, हिरवा दिवा किती सेकंद, म्हाताऱ्या माणसाला किती लागतात, हे आकडे घाला. सेकंद मोजायला मोबाईल पुरतो. आमच्या महिला मंडळाच्या पत्रात तीन गोष्टी आहेत. सकाळी 7 ते 10 मंदिराजवळच्या चौकात हिरवे सेकंद वाढवावेत. रस्त्याच्या मधोमध दम घ्यायला ओटा असावा. आणि मंदिरासमोर आम्ही स्वतः गाड्या लावणार नाही, असं लेखी देतो.

पहिल्या दोन मागण्यांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. तिसऱ्यावर अजून चर्चा चालू आहे.