‘कॅन’ म्हटलं, पण कशाला?

सिंगापूरला नवीन आलेला आपला माणूस पहिल्या आठवड्यातच ‘कॅन’ शिकतो. कॅन? कॅन लाह. कॅन ऑर नॉट? मलय लोकांचा ‘बोले’ही असाच एकटा चालतो, त्यामुळे इथे कुणाला ते अर्धवट वाटत नाही. आपल्याकडे मात्र यासाठी तीन शब्द आहेत. येतं, म्हणजे काम माहीत आहे. जमेल, म्हणजे आज होईल. चालेल, म्हणजे माझी हरकत नाही. इथे तिन्हीला उत्तर एकच.

साइटवर फोरमन वर बोट दाखवून विचारतो, ‘कॅन?’ पोरगा म्हणतो, ‘कॅन.’ म्हणजे घाबरत नाही एवढंच. 3 मीटरपेक्षा जास्त खाली पडायचा धोका असेल तर ट्रेनिंग आणि परमिट-टू-वर्क दोन्ही लागतं. तिथे तुमच्या ‘कॅन’ला काही किंमत नाही.

पण खरा घोळ होतो तो ‘संडे कॅन?’मध्ये. रविवार तुमचा रेस्ट डे असेल आणि मालकाने बोलावलं म्हणून तुम्ही अर्ध्या दिवसापेक्षा जास्त काम केलं, तर एम्प्लॉयमेंट ॲक्टप्रमाणे दोन दिवसांचा पगार. तुम्ही स्वतः मागून आलात तर एकच दिवसाचा. समजा दिवसाचा बेसिक 30 डॉलर आहे, तर एकीकडे 60, दुसरीकडे 30. आणि ‘कॅन’ या शब्दात कोणी कोणाला विचारलं हे कुठेच दिसत नाही! काही ठिकाणी टाइम शीटवर सगळ्यांपुढे ‘वर्कर रिक्वेस्ट’ छापून येतं, आपण न वाचता सही ठोकतो.

मी स्वतः सुपरवायझर आहे, तरी सांगतो: नुसतं ‘कॅन’ म्हणू नका. व्हॉट्सॲपवर लिहा, ‘बॉस आस्क मी वर्क संडे, आय कॅन.’ इंग्रजी मोडकं असू दे. कुणी म्हणेल फार शहाणा झालास, म्हणू दे. अपघात, मशीनची तातडीची दुरुस्ती असे मोजके प्रसंग सोडले तर रेस्ट डेला जबरदस्ती करता येत नाही, म्हणजे ‘कॅनॉट’ म्हणायचीही मुभा आहे.

पैसे कमी आले तर टीएडीएमकडे क्लेम करता येतो. नोकरीत असाल तर 1 वर्षाच्या आत, नोकरी सुटली असेल तर 6 महिन्यांच्या आत. पे-स्लिप, टाइम शीटचा फोटो आणि तो मेसेज, तिन्ही फोनमध्ये ठेवा. फोन बदलताना आधी गावी भावाला पाठवून द्या.