देणाऱ्याचं पुण्य, उचलणाऱ्याचं ओझं

अमेरिकेच्या पूर्व भागातली ॲपलॅचियन ट्रेल ही डोंगरवाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत चौदा राज्यांतून जाते. लांबी सुमारे 3,500 किलोमीटर. बेंटन मॅकाय यांनी 1921 साली तिची कल्पना मांडली आणि 1937 मध्ये ती टोकापासून टोकापर्यंत जोडली गेली. या वाटेवर साधारण दिवसाच्या चालीच्या टप्प्यानं अडीचशेहून अधिक शेल्टरं आहेत. शेल्टर म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन भिंती, उतरतं छप्पर आणि जमिनीपासून जरा उचललेला फळ्यांचा ओटा. चौथी बाजू सताड उघडी. कुलूप नाही, राखणदार नाही, बहुतेक ठिकाणी भाडंही नाही. छपराच्या वाशांना दोऱ्या टांगलेल्या असतात आणि प्रत्येक दोरीच्या मध्यावर एक रिकामा पत्र्याचा डबा उलटा ओवलेला असतो. खाली अडकवलेल्या सॅकवर उंदीर उतरू नयेत म्हणून ही युक्ती. कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक वही असते. आलेला माणूस तिच्यात चार ओळी लिहितो आणि पुढे जातो.

वहीबरोबर आणखी बरंच काही तिथे सापडतं. अर्धवट संपलेला गॅसचा डबा, फाटकी ताडपत्री, ओले मोजे, पिशवीत उरलेला मूठभर भात, कव्हर निघालेली कादंबरी. आणि जवळजवळ न चुकता धार्मिक पुस्तकं. खिशात मावणारा नवा करार, मरणानंतर काय होणार याची विचारणा करणारी चित्रांची पत्रकं, कुण्या पंथाची पुस्तिका. ती कुणी विसरलेली नसतात. पाठीवर वाहून आणून, ओट्यावर नीट दिसेल अशी जागा निवडून मुद्दाम ठेवलेली असतात. ही प्रथा चुकीची आहे, आणि ज्या धर्मासाठी ती केली जाते त्या धर्मालाही ती शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे काम करणारी माणसं वाईट नसतात, हे आधी सांगायला हवं. त्यांची बाजू मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे आणि ती फेकून देण्यासारखी नाही. ते म्हणतात, आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही. ही भेट आहे. वाचायचं त्यानं वाचावं, नको त्यानं तिथेच ठेवावं.

भेट कुणाला? भेट द्यायला समोर घेणारा लागतो. तो हो म्हणू शकतो, नाही म्हणू शकतो, निदान कुणी दिलं हे त्याला कळतं. शेल्टरमध्ये घेणारा कुणीच नाही. नको असेल त्यानं तिथेच ठेवावं, असं म्हणताना एक गोष्ट नजरेआड होते की तिथे ठेवलेली वस्तू कायमची तिथे राहू शकत नाही. उघड्या बाजूनं पाऊस आत येतो. आठवडाभरात कागद ओल धरतो, पानं एकमेकांना चिकटतात, पुस्तक फुगून दुप्पट होतं. मग उंदीर त्याच्या कडा कुरतडून घरट्याला नेतात. असं एक पुस्तक मी हातात घेतलं तेव्हा मधली पानं गायब होती, पुठ्ठ्यात लेंड्या होत्या आणि पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेला आशीर्वाद शाई फुटून निळसर डाग झाला होता. लिहिणाऱ्याची भावना खरी होती, यात मला शंका नाही. पण ते पुस्तक शेवटी कुणीतरी खाली नेणार होतं, आणि तो माणूस लिहिणारा नव्हता.

हे खाली नेणारे कोण? या वाटेची देखभाल ठिकठिकाणच्या डोंगरी क्लबांचे स्वयंसेवक करतात. ॲपलॅचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही मध्यवर्ती संस्था 1925 पासून हे काम जोडून ठेवते, पण प्रत्यक्ष करवत आणि फावडं घेऊन चढतात ते नोकरी-धंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी येणारे लोक. त्यांत निवृत्त माणसं पुष्कळ. पडलेली झाडं कापायची, पाण्याचे चर मोकळे करायचे, संडासाची व्यवस्था बघायची आणि उतरताना शेल्टरातला टाकाऊ माल पाठीवर घेऊन यायचं. तिथे कचरागाडी येत नाही. डोंगरावर ठेवलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पाठीवरूनच खाली येते. ठेवणाऱ्यानं पुस्तक वर नेलं तेव्हा त्याच्या पाठीवर त्याचं स्वतःचं ओझं होतं. खाली आणणाऱ्याच्या पाठीवर ते दुसऱ्याचं असतं, आणि भिजून आणखी जड झालेलं.

यावर लगेच दुसरा मुद्दा येतो: धर्मग्रंथाला कचरा कसं म्हणता? त्याची आणि फाटक्या ताडपत्रीची बरोबरी कशी होईल?

बरोबरी होत नाही, हे मला मान्य आहे. ग्रंथाची गोष्ट ताडपत्रीहून अधिक गंभीर आहे. ताडपत्री उचलून पिशवीत कोंबताना कुणाच्या मनाला काही वाटत नाही. पण भिजलेला धर्मग्रंथ हातात आला की साधा, भला माणूस अडतो. तो ज्या धर्माचा असेल त्यालाच हे होतं असं नाही. पुस्तकाला पाय लागला तर हात कपाळाला नेणाऱ्या घरांत आपण वाढलो. आपल्याला परक्या धर्माची पोथीसुद्धा चुलीत घालवत नाही. म्हणजे होतं असं की ठेवणारा निघून जातो आणि पुस्तकाच्या पावित्र्याचा भार मागून येणाऱ्यावर पडतो. जाळावं तर एखाद्याच्या श्रद्धेचा अपमान, टाकावं तर तोच, ठेवावं तर उंदरांची सोय. ज्या आदरामुळे माणसाचा हात थांबतो, त्याच आदराच्या भरवशावर आपलं सामान दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, हे मला सर्वांत जास्त खटकतं. आणि ग्रंथाचं काय? ज्याला घरी सोवळ्यात ठेवाल, तो उंदरांच्या लेंड्यांत कुजायला ठेवणं ही कुठली भक्ती?

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. ते सांगतात की एखादा खचलेला, घरादाराला दुरावलेला, जीव नकोसा झालेला माणूस त्या शेल्टरात रात्र काढतो, हाताला लागलेलं पुस्तक उघडतो आणि सावरतो. असं एकदा जरी झालं, तरी भिजलेल्या शंभर पुस्तकांचं सार्थक झालं.

असं होत नसेल असं मी म्हणणार नाही. या वाटेवर दुःख घेऊन येणारे पुष्कळ असतात. वाट सलग चालून पूर्ण केल्याची नोंद ज्याच्या नावावर पहिली आहे, तो अर्ल शेफर 1948 साली महायुद्ध मनातून उतरवण्यासाठीच निघाला होता. पण हा युक्तिवाद एकाच धर्माला लागू करता येत नाही. गीतेनं सावरलेले आहेत, धम्मपदानं सावरलेले आहेत, कुराणानं आणि नानकांच्या वाणीनं सावरलेले आहेत, आणि कुठल्याही धर्माचं नाव नसलेल्या एखाद्या कादंबरीनंही सावरलेले आहेत. एकाला मुभा दिली की सगळ्यांना द्यावी लागेल, आणि सहा माणसांच्या ओट्यावर झोपायला जागा उरणार नाही. शिवाय पावसात, काळोखात शेल्टर गाठलेल्या माणसाला तिथून उठून जाण्याचा पर्याय नसतो. त्याच्या उशाला मरणाची आणि नरकाची चित्रं ठेवून जाणं याला सांत्वन म्हणता येत नाही. खचलेल्या माणसाला खरोखर हात द्यायचा असेल, तर त्या रात्री त्याच्या शेजारी बसा, चहा करा, त्याचं ऐका. पुस्तक ठेवणारा तर तिथे मुक्कामालाही थांबलेला नसतो.

स्वातंत्र्याचा मुद्दाही पुढे केला जातो. अमेरिकेत धर्मप्रचाराचं स्वातंत्र्य घटनेनं दिलेलं आहे, ते असावंच, आणि मी कुणाचं तोंड बंद करा म्हणत नाही. राष्ट्रीय उद्यानांची नियमावली इथे जो फरक करते तो मला न्याय्य वाटतो. छापील मजकूर लोकांना वाटायला तिथे मुभा आहे, त्याच्या जागा आणि अटी ठरलेल्या आहेत. मालमत्ता टाकून जायला मात्र मनाई आहे. उभे राहा, तोंडानं बोला, हातात द्या, नकार ऐका. हे स्वातंत्र्य. ठेवून पळून जाणं हा त्याचा भाग नव्हे. हॉटेलच्या खोल्यांत बायबल ठेवणाऱ्या गिडियन्सचं उदाहरण नेहमी दिलं जातं. फिरत्या विक्रेत्यांनी 1899 मध्ये स्थापन केलेल्या या संघटनेनं 1908 साली माँटॅना राज्यातल्या सुपीरियर गावच्या हॉटेलात पहिली बायबलं ठेवली. पण त्या खोलीला मालक होता, त्याची संमती होती, टेबलाला खण होता आणि खोली रोज झाडणारं माणूस होतं. शेल्टरात यातलं एकही नाही.

उरलेल्या सामानाबद्दल फार बोलायची गरज नाही. पुढच्याला उपयोगी पडेल म्हणून ठेवलेला शिधा पुढच्या माणसाच्या आधी उंदरांना सापडतो, आणि उंदरांनंतर अस्वलांना. जॉर्जियातल्या ब्लड माउंटनच्या परिसरात 1 मार्च ते 1 जून या काळात मुक्काम करणाऱ्यांना अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या टणक डब्यात ठेवणं सक्तीचं आहे, ते उगाच नाही. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल मुक्कामाच्या जागा सोडत नाही आणि कित्येकदा त्याला मारावं लागतं. उरलेला भात ठेवून जाणाऱ्याला हे माहीत असलं पाहिजे.

आणि हे सगळं अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांबद्दल आहे असं समजून कुणी मराठी वाचक सुटल्यासारखा निश्वास टाकत असेल, तर त्यानं आपल्या गडांवरच्या मुक्कामाच्या जागा आठवाव्यात. हरिश्चंद्रगडाच्या गुहा घ्या, राजगडावरचं पद्मावतीचं देऊळ घ्या. राजगड तर 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. गडांवरच्या देवळांत काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी, जुनी कॅलेंडरं, लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या आणून ठेवणारे आपलेच लोक असतात. घरात नको झालेल्या, पण टाकवत नाहीत म्हणून देवाच्या दारात आणलेल्या. अर्धी मिठाची पिशवी आणि फाटकी कॅरीमॅट पुढच्या ट्रेकरला होईल म्हणून गुहेच्या खाचेत खुपसणारेही आपलेच. ते उतरवतं कोण? पायथ्याच्या गावातली पोरं, नाहीतर सुट्टीत गडसंवर्धनाला येणारे तरुण. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी तिथल्या शेल्टरात हनुमान चालिसा किंवा गजानन महाराजांची पोथी ठेवली, तर तिलाही माझा हाच आक्षेप राहील, एका अक्षरानं कमी नाही.

मग धर्मानं डोंगरवाटेवर यावंच नाही का? यावं, अवश्य यावं. ते कसं यावं हे याच वाटेवर पाहायला मिळतं. पेनसिल्व्हेनियातल्या डेलावेअर वॉटर गॅप गावात प्रेस्बिटेरियन चर्चनं 1970 च्या दशकापासून पायी येणाऱ्यांसाठी आपल्या इमारतीत निवाऱ्याची सोय ठेवली आहे. अंग धुवायला पाणी, झोपायला जागा, भिंतीला देणगीची पेटी. न्यूयॉर्क राज्यात ग्रेमूरच्या फ्रान्सिस्कन मठानं वर्षानुवर्षे आपल्या मैदानावर या पायी जाणाऱ्यांना उतरू दिलं. आलेला कुठल्या धर्माचा हे तिथे विचारत नाहीत. ज्याला देवाबद्दल बोलायचं असेल त्याला बोलायला समोर हाडामांसाचा माणूस असतो, आणि मागे राहिलेला पसारा तेच आवरतात. अशा एका दारातून बाहेर पडताना ख्रिस्ती धर्माविषयी जो आदर मनात येतो, तो हजार पत्रकांनी येणार नाही.

आपल्याकडे गाडगेबाबांनी हेच करून दाखवलं. गावात शिरले की आधी हातात खराटा, रात्री कीर्तन. गाव झाडून झाल्याशिवाय उपदेश नाही. पंढरपूर, नाशिकसारख्या ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि आपण मात्र तिथे बस्तान मांडलं नाही. वाटसरूला निवारा देणं हे धर्माचं काम आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? त्या निवाऱ्यात आपला माल उतरवणं हे त्या कामाच्या नेमकं उलट आहे.

तेव्हा श्रद्धावंतांना माझी विनंती आहे. आपला ग्रंथ सॅकमध्ये जरूर न्या, ओट्यावर बसून वाचा, शेजाऱ्यानं विचारलं तर वाचून दाखवा, त्याला हवा असेल तर त्याच्या हातात द्या. नसेल तर सॅकमध्ये घालून परत आणा. मनातलं लिहायचं असेल तर ती वही त्यासाठीच आहे. उरलेला शिधा पायथ्याच्या गावात एखाद्या घरी विचारून द्या. अमेरिकेत वाटेलगतच्या गावांतल्या वसतिगृहांत देवाणघेवाणीच्या पेट्या असतात, जास्तीचं सामान तिथे मालकाला सांगून ठेवा. आणि तुम्हाला शेल्टरात किंवा गुहेत असं भिजलेलं पुस्तक सापडलं, ते कुठल्याही धर्माचं असो, तर ते जाळू नका, त्यावर काही खरडू नका. पिशवीत गुंडाळून खाली आणा. वाचण्याजोगं राहिलं असेल तर जवळच्या चर्चमध्ये, देवळात किंवा ग्रंथालयात विचारून द्या. राहिलं नसेल तर ज्यांचा तो ग्रंथ आहे त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हाती सोपवा.