टप कापायचा की वाट पाहायची?

तुमच्या फोनमध्ये एक गाडी सेव्ह केलेली आहे. नाही म्हणू नका, आहेच. कुणाची मस्टँग, कुणाची बीटल, कुणाची एखाद्या जुन्या सिनेमातली लांबलचक शेवरोले. टप उघडा, समोर समुद्र, वाऱ्यावर केस. माझ्या फोनमध्येही अशीच एक होती. त्या फोटोपायी आम्ही चार मित्रमैत्रिणींनी दोन वर्षांपूर्वी वीस हजार रुपये पाण्यात घातले. आज त्याच वीस हजारांबद्दल बोलायचंय, कारण पुढचा नंबर तुमचा लागू शकतो.

ऑक्टोबर २०२३ आठवतोय? मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली. सगळ्यांच्या स्टेटसवर तिचे फोटो होते. आम्हीही हळवे झालो होतो. पुढे काही महिन्यांनी एका ग्रुपवर जाहिरात आली. प्रीमियर पद्मिनी, लालभडक रंग, नव्या सीट्स आणि टप गायब! किंमत एक लाख ऐंशी हजार. चौघांत भागले तर पंचेचाळीस-पंचेचाळीस. प्री-वेडिंग शूटला भाड्याने दिली की वर्षात पैसे वसूल, असं गणितही आम्ही टपरीवर बसून मांडलं. खासगी नंबरची गाडी अशी भाड्याने देता येत नाही, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

गाडी बघायला गेलो. विकणारा म्हणाला, "फक्त टप कापलाय भाऊ, बाकी सगळं ओरिजिनल." एक चक्कर मारून परत आलो. जागा नव्हती म्हणून गाडीचं एक चाक फूटपाथवर चढवून लावली. खाली उतरलो आणि दार लागेना! आपटलं, दाबलं, नाहीच. विकणाऱ्याने हसत हसत गाडी फूटभर पुढे घेतली, चारही चाकं सपाट जमिनीवर आणली, दाराला गुडघा लावला. खट्! लागलं. "जुन्या गाड्या अशाच असतात, मॅडम." आम्ही माना डोलावल्या आणि टोकन देऊन आलो.

दोन दिवसांनी मैत्रिणीच्या बाबांनी आरसी बुक पाहिलं. ते इन्शुरन्सचं काम करतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यात सलून लिहिलंय. मग टप कुठाय?" टोकन परत मिळालं नाही. गाडी आजही कुठेतरी कुणाच्या तरी रीलमध्ये फिरत असेल.

पैसे गेले त्याचं दुःख होतंच. पण जास्त लागलं ते दार. ते दार आम्हाला सरळ सांगत होतं आणि आम्ही ऐकलं नाही. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. टप, खांब, फ्लोअर, दाराखालचे पट्टे हे सगळं मिळून वजन पेलतं. पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण कापून टाका आणि मग खोकं दोन टोकांना धरून पिळून बघा. तसंच होतं. एक चाक वर गेलं की अख्खी गाडी पिळवटते आणि दाराची चौकट तिरकी होते. खऱ्या कन्व्हर्टिबलमध्ये कंपनी आधी खाली मजबुती देते, पुढच्या काचेची चौकट भक्कम करते, मग टप काढते. गल्लीतल्या गॅरेजात ग्राइंडर चालतो तेव्हा फक्त टप निघतो.

कायदाही याच कारणासाठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल आपल्या मनाने करता येत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. म्हणजे अशा गाडीचं पासिंग अडणार आणि अपघात झाला तर विम्याच्या क्लेमचाही वांधा. आणि उलटली तर डोक्यावर काय? काहीच नाही.

त्या दिवसांत माझा मूड इतका खराब होता की आईने वैतागून मामाला व्हिडिओ कॉल लावून दिला. मामा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असतो. मूळचा सांगलीचा. मला वाटलं, आता लेक्चर मिळणार. त्याने फोन घेऊन सरळ गॅरेजचं दार उघडलं आणि म्हणाला, "ही बघ. चाळीस वर्षं थांबलो."

ट्रायम्फ हेराल्ड कन्व्हर्टिबल. १९६९ ची, फिकट निळी.

तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलं नसेल, पण आजी-आजोबांना विचारा. 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हटलं की त्यांना पटकन ओळख पटेल. इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीत तयार होऊ लागली. अँबॅसेडर आणि फियाटच्या जमान्यातली ती तिसरी गाडी. पुढे १९६८ मध्ये आपल्याकडे तिचं चार दारांचं मॉडेल आलं. इंग्लंडमध्ये हेराल्डला कायम दोनच दारं होती.

मामाच्या शाळेजवळ एका डॉक्टरांकडे पांढरी हेराल्ड होती. मामा रविवारी ती फुकट धुवायला जायचा. डॉक्टरांनी एकदा त्याला एका इंग्रजी मासिकात तीच गाडी उघड्या टपाची दाखवली. बस्स. चित्र डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे डिप्लोमा, नोकरी, लग्न, मग १९९९ मध्ये कामानिमित्त कॉव्हेंट्री. योगायोग असा की हेराल्ड ज्या कॅन्ली कारखान्यात बनायची, तो याच गावातला. मामा पोहोचला तेव्हा तिथलं कार बनवणं बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती.

मग तेव्हाच का नाही घेतली? मीही हेच विचारलं. "घराचे हप्ते, तुझ्या मामेभावंडांची शिक्षणं आणि खरं सांगू? मला तेव्हा गाडीतलं काही कळत नव्हतं. फक्त चित्र आवडत होतं."

माझी सुई तिथेच अडकली. चित्र आवडणं आणि गाडी कळणं यात चाळीस वर्षांचं अंतर असतं असं नाही, पण अंतर असतं. मामाने ते पायी कापलं. तो तिथल्या हेराल्डवाल्यांच्या क्लबात जायला लागला, स्वतःची गाडी नसताना. लोकांच्या गाड्यांखाली झोपून पाने धरले. त्यातून त्याला कळलेल्या गोष्टी ऐकताना मी माझं दुःख विसरले.

हेराल्डचं डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. गाडी आली १९५९ मध्ये आणि कन्व्हर्टिबल त्याच्या पुढच्या वर्षी. त्या काळात बाकीच्या कंपन्या एकसंध बॉडीकडे वळत होत्या, पण अशी बॉडी बनवून देणारा मोठा पुरवठादार प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला होता. मग ट्रायम्फने जुन्या पद्धतीची वेगळी चेसिस ठेवली आणि वर बॉडीचे सुटे भाग बोल्टने कसले. मजबुरीच होती ती! पण त्यामुळेच टप नसलेली हेराल्ड बनवणं सोपं गेलं, कारण भार चेसिसवर होता. बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं. इंजिनाचं काम करायचं तर चक्क पुढच्या टायरवर बसून करा. आणि वळायला जागा किती लागते? पंचवीस फूट. आपल्या पेठेतल्या बोळात फिरेल.

पण तिचं दुखणंही आहे. चेसिसचे बाजूला येणारे हात गंजतात. पुढची चाकं ज्या सांध्यावर वळतात तिथे ट्रनियन नावाचा ब्राँझचा भाग असतो. त्यात ग्रीस नाही, ऑइल घालायचं, तेही न चुकता. दुर्लक्ष केलं तर तो तुटतो आणि चालत्या गाडीचं चाक आत दुमडतं. गाडी आवडते म्हणणाऱ्याला हे माहीत असावं, असं मामाचं म्हणणं.

घ्यायची वेळ आली तेव्हा मामाने आधी दोन गाड्या नाकारल्या. पहिलीची चेसिस कुजलेली. दुसरी मात्र झकास होती. चकाचक रंग, नवं कापडी टप, किंमतही कमी. मामीसुद्धा म्हणाली, घेऊन टाका आता. मामाने बॉनेट उघडून नंबरची पट्टी पाहिली. कन्व्हर्टिबल म्हणून बनलेल्या हेराल्डच्या नंबराच्या शेवटी सीव्ही ही अक्षरं असतात. हिच्यावर होतं डीएल, म्हणजे सलून. कुणीतरी नंतर टप उतरवून उघडी केलेली गाडी. हेराल्डला चेसिस आहे म्हणून तिची अवस्था आमच्या पद्मिनीसारखी झाली नसती, चाललीही असती. पण विकणारा ती कन्व्हर्टिबल म्हणूनच विकत होता. मामा चहा पिऊन परत आला. त्यानंतर निळी सापडायला आणखी चौदा महिने गेले.

"दोन अक्षरांसाठी चौदा महिने?" मी.

"रंगाशी नाही गं, गाडीशी लग्न करायचं होतं," मामा.

आता तुम्ही म्हणाल, मामा इंग्लंडला आहे, त्याला काय जातंय! तिथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक तपासणीतूनही सूट. सुटे भाग घरपोच येतात. आपल्याकडे? इथे पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन पुन्हा करा, ग्रीन टॅक्स भरा. कारच्या या रजिस्ट्रेशनची ६०० रुपयांची फी एप्रिल २०२२ मध्ये ५,००० झाली. हे सगळं खरंय. जुनी गाडी जपणाऱ्याला आपल्याकडे अजून भंगारवाल्याच्याच नजरेने पाहिलं जातं, हेही खरंय. त्यावर बोललंच पाहिजे.

पण एक दार उघडलेलं आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला व्हीए अक्षरं असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. रोज कॉलेजला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यासाठी रस्त्यावर काढता येते. आणि अट काय? चेसिसमध्ये, बॉडीत, इंजिनात मोठे बदल नकोत. म्हणजे १९७४ च्या ज्या पद्मिनीने टप सांभाळला, तिला आज हा मान मिळू शकतो. जिचा कापला, ती कायमची बाद.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला आपण मॉडिफिकेशन म्हणतो, ते पुष्कळदा फक्त घाई असते. आपल्याला कन्व्हर्टिबल हवी असते, ती परवडत नाही किंवा मिळत नाही, म्हणून आपण दुसरीच एखादी चांगली गाडी मारतो. मुळात पद्मिनी आता किती उरल्यात? त्यातली एक रीलसाठी कापायची?

मग काय करायचं, नुसतं झुरायचं? अजिबात नाही. वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. तुमच्या शहरात रॅली होते तेव्हा फोटो काढून पळू नका, थांबा, मालकाशी बोला. जुन्या गाड्या जपणारे लोक विचारणाऱ्याला हाकलत नाहीत, उलट सोडत नाहीत! आपल्या आवडत्या गाडीची दुखणी पाठ करा. एखादा जुना मेकॅनिक गाठा आणि महिनाभर त्याला पाने द्या. घरात आजोबांची चेतक पडलीये? ती चालू करून बघा. परवडणारं शिक्षण आहे.

आणि खरंच घ्यायची वेळ आली, तर टोकन देण्याआधी तीन गोष्टी करा. आरसीवरचा बॉडीचा प्रकार समोरच्या गाडीशी जुळतो का बघा. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, फोटोवर भागवू नका. तिसरी आमची वीस हजारांची: एक चाक उंचवट्यावर चढवा आणि दार लावून बघा. लागलं नाही, तर चालायला लागा. विकणारा काहीही सांगो.

गेल्या रविवारी मामाने पुन्हा फोन केला. पहिल्यांदाच लांब फिरायला निघाले होते, टप खाली करून. वीस मिनिटांत पाऊस! मामी छत्री उघडून बसलेली आणि मामा रस्त्याच्या कडेला टप वर ओढतोय, एक खटका काही केल्या लागत नव्हता. दोघंही चिंब भिजलेले. मी विचारलं, "चाळीस वर्षं थांबून हे मिळालं का रे?"

मामाने उत्तर दिलं नाही. फोन मामीकडे दिला, खाली उतरला आणि दार ओढून लावलं. गाडी अर्धी रस्त्याच्या खाली उतरलेली, चांगली तिरकी.

दार एका झटक्यात लागलं. ते मला मुद्दाम ऐकवलं होतं त्याने.