शंभर टक्के म्हणजे किती?

मुलामुलींनो, बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आपल्या घरी येणारं वर्तमानपत्र एकाएकी जाडजूड होतं. पाहिलंय ना? पानभर जाहिराती! मधोमध काचेची चकचकीत इमारत, बाजूला कोट-टाय घातलेली हसरी मुलंमुली आणि खाली ठळक अक्षरांत ‘१००% प्लेसमेंट’. त्याखाली ‘सर्वोच्च पॅकेज अमुक लाख’. एस. टी. स्टँडवरचे फलक पाहा, रिक्षांच्या पाठी पाहा, तिथेही तेच.

तुमच्या घरातली ताई किंवा दादा यंदा इंजिनिअरिंगला जाणार असेल, तर या आकड्यांवर जेवताना चर्चाही झाली असेल. बाबा म्हणतात, “हे कॉलेज बरं, नव्वद टक्के आहे.” काका म्हणतात, “मग ते शंभरवालं काय वाईट?” तुम्हाला मात्र कुणी विचारत नाही, तुम्ही लहान! पण गंमत सांगू? या चर्चेला लागणारं सगळं गणित सातवी ते नववीच्या पुस्तकांत आहे. म्हणजे घरात ते सगळ्यांत ताजं तुमच्याच डोक्यात असणार. तेव्हा वही-पेन्सिल घ्या आणि बसा.

आधी प्लेसमेंट म्हणजे काय ते पाहू. इंजिनिअरिंगचं शिक्षण चार वर्षांचं. चौथं वर्ष सुरू होताहोताच कंपन्यांची माणसं कॉलेजात येऊ लागतात. आधी लेखी परीक्षा, मग बऱ्याचदा गटचर्चा, मग मुलाखती. जे टिकतात त्यांना नोकरीचं पत्र मिळतं आणि पदवी हातात आली की ते कामावर रुजू होतात. यालाच कॅम्पस प्लेसमेंट म्हणायचं. हे सगळं जमवून आणायला कॉलेजात एक खास अधिकारी असतो. कंपन्यांना बोलावणं, तारखा ठरवणं, मुलांची तयारी करून घेणं ही त्याची कामं. आणि हो, जाहिरातीतला तो आकडाही बहुतेक त्याच्याच टेबलावर तयार होतो.

आता उदाहरण घेऊ. आकडे मी माझ्या मनाचे घेतले आहेत, बरं का. समजा, एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला २४० विद्यार्थी आहेत. कंपन्यांची अट असते, ‘साठ टक्क्यांच्या वर गुण हवेत आणि एकही विषय राहिलेला नको.’ या अटीत ९० जण बसत नाहीत. उरले १५०. त्यातले २० जण म्हणतात, आम्हाला पुढे शिकायचंय, नोकरी नको. उरले १३०. या १३० पैकी ११७ जणांना नोकरी मिळाली. करा भागाकार! ११७ भागिले १३०, म्हणजे बरोबर ९० टक्के. जाहिरात तयार!

पण थांबा. वर्गात तर २४० जण होते. ११७ भागिले २४० केलं तर? पावणेएकोणपन्नास टक्के. निम्म्याहूनही कमी.

अजून संपलं नाही. त्या ११७ पैकी ३९ जण हुशार निघाले, त्यांना दोन-दोन कंपन्यांची पत्रं आली. म्हणजे पत्रं झाली १५६. आता कुणी मुलं न मोजता पत्रं मोजली आणि १३० ने भागलं, तर येतात १२० टक्के! वर्गात जेवढी मुलं, त्याहून जास्त मुलांना नोकऱ्या! हसू नका, ‘इतक्या विद्यार्थ्यांना इतक्या ऑफर्स’ असं वाक्य दिसलं की माणसं मोजलीत की कागद, ते जरूर पाहा. (यावर उपाय म्हणून बऱ्याच कॉलेजांत ‘एका मुलाला एकच नोकरी’ असा नियम असतो. एक पत्र मिळालं की रांगेतून बाहेर, म्हणजे मागच्यालाही संधी मिळते. मला हा नियम आवडतो.)

मग यातलं खरं उत्तर कोणतं? माझं मत विचाराल, तर पुढे शिकायला जाणारे २० वजा करायला हरकत नाही; ते काही नोकरी शोधतच नव्हते. पण गुण कमी पडले म्हणून ९० जणांना वजा करणं मला पटत नाही. त्यांनीही चार वर्षं फी भरलीय आणि त्यांनाही नोकरी हवीच आहे. म्हणून मी ११७ भागिले २२० करीन. उत्तर सुमारे ५३ टक्के. एकच कॉलेज, तीच मुलं आणि उत्तरं चार : ४९, ५३, ९० आणि १२०! सगळा खेळ छेदाचा. रेषेच्या वर काय लिहिलंय ते सगळे वाचतात, रेषेखाली काय आहे ते विचारावं लागतं.

आता ‘पॅकेज’कडे वळू. दहा मैत्रिणींना नोकऱ्या लागल्या. वर्षाचे आकडे लाखांत लिहून घ्या : ३, ३, ३.५, ३.५, ३.५, ४, ४, ४.५, ५ आणि २६. बेरीज ६०. सरासरी ६ लाख. वा! पण जरा दहाही आकड्यांवरून बोट फिरवा. सहा लाख मिळालेली एकतरी मुलगी आहे का? दहापैकी नऊजणींना सरासरीपेक्षा कमीच मिळालंय. एका सव्वीसवालीनं सगळ्यांना वर खेचलं, झालं. नववीतल्या दोस्तांना आठवेल, अशा वेळी मध्यक काढायचा. आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि मधला घ्यायचा. इथे पाचवा साडेतीन, सहावा चार, म्हणून मध्यक पावणेचार लाख. ताई वर्गात मधोमध असेल तर तिच्या वाट्याला येणारा आकडा हा! तो जाहिरातीत सहसा नसतो. तिथे असते सव्वीसवालीची तसबीर.

आणि पॅकेज म्हणजे पगार नव्हे. वर्षाला चार लाख म्हटलं की आजी लगेच बारानं भागते आणि म्हणते, “महिन्याला तेहेतीस हजार!” आजी, जरा थांबा. कंपनी त्या माणसावर वर्षभरात जो जो खर्च धरते, तो सगळा त्या चार लाखांत असतो. भविष्यनिर्वाह निधीत कंपनी भरते ती रक्कम त्यात, ग्रॅच्युइटी त्यात (ती साधारणपणे पाच वर्षं नोकरी झाली तरच हातात पडते), विम्याचा हप्ताही त्यात. शिवाय ‘काम चांगलं झालं तर’ मिळणारे पैसेही त्यातच धरलेले असतात. मग पगारातून आपल्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो आणि व्यवसाय करही जातो. निधीचे पैसे बुडत नाहीत, ती आपलीच साठवण. पण महिन्याच्या सात तारखेला हातात येतात ते साधारण पंचवीस ते अठ्ठावीस हजार. त्यातून पुण्या-मुंबईतली खोली, मेस आणि बस.

आई-बाबांनो, हा पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी. समजा, शिक्षणासाठी बँकेतून सहा लाख काढले. साधारणपणे शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता मागत नाहीत, पण व्याज मात्र आधीपासून चढत असतं. ते बाजूला ठेवलं आणि नुसते सहा लाख दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तरी महिन्याचा हप्ता सुमारे ७,९०० रुपये होतो. हातात येणाऱ्या सव्वीस हजारांतून हे आठ हजार वजा करून पाहा. कर्ज काढू नका, असं माझं मुळीच म्हणणं नाही. कर्जामुळेच कितीतरी घरांतली पहिली इंजिनिअर मुलगी तयार झाली आहे. मात्र हप्त्याचा हिशेब मध्यकावर करा, सव्वीस लाखांवर नको. सरकारी किंवा कमी फीचं कॉलेज मिळत असेल, तर फलकावरच्या दहा टक्क्यांच्या फरकासाठी दुप्पट फी भरण्याआधी हा कागद एकदा समोर ठेवा.

एके काळी हे गणित फारच सोपं होतं. १८८३ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून एक विद्यार्थी इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला आला आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून लागला. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, तेच हे. तेव्हा इंजिनिअर होते मोजके आणि त्यांना घेणारं मुख्यतः सरकार. पुढे १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि गावोगावी कॉलेजं उभी राहिली. ज्यांना पूर्वी बाहेरच्या राज्यात जावं लागे, त्या मुलांना घराजवळ जागा मिळू लागली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण जागा वाढल्या, तशी दर वर्षी बाहेर पडणाऱ्या इंजिनिअरांची रांगही वाढली आणि कॉलेजांना ‘आमच्याकडे या’ म्हणून फलक लावावे लागले.

शिवाय या आकड्यांचं पावसासारखं आहे. मागच्या वर्षी धो धो पडला म्हणून यंदा पडेलच असं नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या इंटरनेट कंपन्या कोसळल्या, तेव्हा आपल्याकडच्या सॉफ्टवेअर नोकऱ्याही आटल्या. २००८-०९ च्या मंदीत पुन्हा तसंच. २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी मुलं भराभर घेतली आणि लगेच पुढच्या वर्षी हात आखडला. २०२२ मध्ये पत्र मिळालेल्या काही मुलांना तर प्रत्यक्ष कामावर रुजू होण्यासाठी दोन वर्षं वाट पाहावी लागली! कॉलेजच्या यादीत मात्र ती ‘प्लेस्ड’च. आज आठवीत असलेली मुलगी नोकरीच्या मुलाखतीला बसेल आणखी सातएक वर्षांनी. तेव्हाचं आभाळ कसं असेल, ते आजच्या फलकावर कसं दिसणार?

अजून एक प्रश्न विचारायचा : नोकरी लागली, पण कसली? घाऊक भरती करणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या शाखा फारशी पाहत नाहीत. सिव्हिलचा मुलगा असो की मेकॅनिकलची मुलगी, डोकं चालतंय ना, मग या. काम आम्ही शिकवू. इन्फोसिसचं म्हैसूरचं प्रशिक्षण केंद्र याचसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे पूल बांधायचे म्हणून सिव्हिलला गेलेला दादा संगणकापुढे बसलेला दिसतो. त्याला ते आवडत असेल तर उत्तमच. पण ज्याला यंत्रांचंच वेड आहे, त्याने ‘आमच्या शाखेतल्या किती जणांना आमच्याच शाखेचं काम मिळालं?’ हे विचारायलाच हवं. उलट, कॅम्पसमध्ये काहीच न मिळालेली कितीतरी मुलं भोसरी-चाकणच्या, नाशिकच्या सातपूरच्या किंवा कोल्हापूरच्या फौंड्र्यांच्या दारात स्वतः जाऊन उभी राहतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधर इंजिनिअरांनाही कारखान्यात वर्षभर विद्यावेतनावर शिकता येतं. १९७३ मध्ये त्या कायद्यात तशी सोय झाली. आकड्यात ही मुलं कुठेच धरलेली नसतात, पण तिथून पुढे चांगले इंजिनिअर होतात.

मग खरी माहिती मिळवायची कुठून? केंद्र सरकार २०१६ पासून कॉलेजांची क्रमवारी लावतं. तिचं नाव एन. आय. आर. एफ. त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजाला एक तक्ता भरावा लागतो. प्रवेश घेतलेले किती, ठरल्या वेळेत पास झालेले किती, नोकरी मिळालेले किती, पुढे शिकायला गेलेले किती आणि वार्षिक पगाराचा मध्यक किती. हो, मध्यकच! तो तक्ता कॉलेजच्या वेबसाइटवर शोधा आणि जाहिरातीशेजारी ठेवून वाचा. माहिती कॉलेजनेच भरलेली असते, हे लक्षात असू द्या. तरी रेषेखालचा आकडा तिथे सापडतो, हे काय कमी आहे?

दुसरी जागा म्हणजे कॉलेजबाहेरची चहाची टपरी. प्रवेशाआधी ताईबरोबर कॉलेज बघायला जाल, तेव्हा ऑफिसातून बाहेर पडल्यावर तिथे दहा मिनिटं उभे राहा. चौथ्या वर्षाची मुलं भेटतीलच. त्यांना विचारा, “तुमच्या वर्गात किती जण आहेत? नोकरी किती जणांना लागली? मागच्या वर्षीचे दादा-ताई आता कुठे आहेत? कंपनीने दोन वर्षं सोडायचं नाही, असा बॉन्ड लिहून घेतला का?” मुलं मोकळेपणानं सांगतात.

आणि त्यांना हेही विचारा, की कंपनीच्या लेखी परीक्षेत काय होतं. बहुतेक जण सांगतील : काळ-काम-वेग, शेकडेवारी, नफा-तोटा. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून पहिली चाळणी कसली, तर शाळेतल्या उदाहरणांची! मग मुलाखतीत विचारतात, “तू केलेला प्रोजेक्ट समजावून सांग.” दुसऱ्याकडून तयार करून घेतलेला प्रोजेक्ट तिथे दोन मिनिटांत उघडा पडतो. इंग्रजी अडखळत बोलणारी, पण स्वतःच्या हातानं यंत्र जोडलेली मुलं तिथे नीट उत्तरं देतात.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला ३०० विद्यार्थी आहेत. त्यातले ४० जण पुढे शिकणार आहेत. १८२ विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळाल्या आणि त्यांच्या हातात मिळून २२१ पत्रं आली. फलकावर लिहिलंय ‘८५% प्लेसमेंट’. हे ८५ आले कुठून? आणि तो फलक तुम्हाला रंगवायला दिला, तर तुम्ही कोणता आकडा लिहाल? उत्तर पुढच्या अंकात. पुढच्याच अंकात दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाबद्दल आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कसं जाता येतं, त्याबद्दलही लिहिणार आहे.