पादचारी दिन आणि पारव्याची गाडी

पुण्याचे एक स्नेही मध्यंतरी घाटंजीस येऊन गेले. आले ते अर्थातच मोटारीने, आणि एकटे. चहा घेता घेता त्यांनी लक्ष्मी रस्त्याची हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली. २०२१ पासून दर ११ डिसेंबरला तेथे पादचारी दिन पाळतात. नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपतीपर्यंत वाहने बंद, आणि माणसे रस्त्याच्या मधोमध चालतात. 'तुमच्याकडे नाही का असे काही?' त्यांनी विचारले. मी म्हटले, 'आमच्याकडे हा सण कोणत्याही दिवशी येतो. एस. टी. चुकली की झाले!'

ते हसले. मला काही हसू आले नाही.

पादचारी दिनाशी माझे वैर नाही. पण ज्या पुण्याने २००६ साली देशात पहिल्यांदा बससाठी वेगळी वाट राखली आणि पुढे तिचे तुकडे आपल्याच हाताने उखडले, त्या पुण्याने वर्षातून एक दिवस चालावे, ही एकादशी आणि दुप्पट खाशी झाली. माथेरानचे व्रत बारमाही आहे. दस्तुरी नाक्यापलीकडे पर्यटकांची मोटार जात नाही. पण तेथेही वर्षानुवर्षे माणूस माणसाला ओढीत राहिला, आणि हातरिक्षा थांबवा असे २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मोटार अडवायला एक दोर पुरतो. तिच्या जागी काय, हे कोणी सांगायचे?

आमच्या घाटंजीस रेल्वे नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. आता तीही बंद आहे. वर्ध्याचा नवा मार्ग २०२४ साली कळंबपर्यंत आला, तो यवतमाळ, दारव्हा, पुसद करीत नांदेडला जायचा. त्या वाटेवर आम्ही नाही. उरली लाल गाडी.

तिचे मोल मला हजेरीपटावर कळले. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस. टी.चा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. संपकऱ्यांना मी बोल लावीत नाही. पगारात ज्याचे भागत नाही त्याने काय करावे? पण माझ्या वर्गात खेड्यांवरून येणाऱ्या मुली दिसेनाशा झाल्या. मुलगे येत राहिले. त्यांना बापाची नाही तर काकाची मोटारसायकल मिळाली. संप मिटला, गाड्या आल्या, दोन मुली मात्र आल्याच नाहीत. त्यांतली एक पुढे बाजारात भेटली. 'नमस्कार सर' म्हणाली. दप्तराचे काय झाले, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आणि आम्ही मास्तर मंडळी काय करतो? यवतमाळहून अपडाऊन! चौघांच्या चार मोटारी, हप्त्यांवर घेतलेल्या. पूर्वी गाडी अर्धा तास उशिरा आली, तर तिच्यातला मास्तर, कारकून, वकील अर्ज खरडायचा, स्थानकप्रमुखाशी भांडायचा. आज ज्यांच्या शब्दाला वजन आहे ते सगळे खाली उतरले. आत राहिल्या म्हाताऱ्या, मजूर बाया आणि पोरी. मग प्रवासी नाहीत म्हणून फेरी कमी होते, आणि फेरी नाही म्हणून प्रवासी मोटारसायकल घेतो. सरकारने २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट केला, २०२३ साली बायकांचे तिकीट अर्धे केले. छान केले. पण जी गाडी येतच नाही, तिचे तिकीट अर्धे काय नि पाव काय!

हे लिहिणारा मीही शहाणा नाही. गेल्या वर्षी एका विक्रेत्याकडून मोटारीचे माहितीपत्रक घेऊन आलो होतो. सौभाग्यवतींनी त्याच्यावर पापड वाळत घातले.

स्नेही निघाले तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. रस्त्याच्या कडेला पारव्याच्या गाडीची वाट पाहत पाच-सहा मुली उभ्या होत्या. मोटारीत चार जागा रिकाम्या होत्या. त्यांनी भोंगा वाजवला. मुली आणखी कडेला सरकल्या.