मोगऱ्याची छाटणी

गेल्या जानेवारीत एका भगिनीने विचारले, “फादर, आमचा मोगरा हिरवागार आहे, पण फुले का धरीत नाही?” जाऊन पाहिले. कुंडी व्हरांड्याच्या सावलीत, माती सदा ओली. झाड सासूबाईंनी लावलेले. त्या वारल्यापासून त्याला कात्री लावण्याचे धैर्य घरात कोणासच झाले नव्हते.

वाचकहो, मोगऱ्यास फुले येतात ती नव्या फुटीवर. जुन्या फांद्या तशाच लांबू दिल्या, तर झाड पानांवरच समाधान मानते. म्हणून आमच्या बेळगावकडे डिसेंबरात पाणी तोडावे. जानेवारीत फांद्या निम्म्यावर छाटाव्या, उरलेली पाने खुडावी, वरची माती हलवून दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि कुंडी भर उन्हात ठेवून पुन्हा पाणी सुरू करावे. ताजे शेण मात्र घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे जळतात. (या उत्साहापायी मी स्वतः दोन झाडे गमावली आहेत.)

कात्री मीच चालविली. पहिली फांदी पडताच त्या बाई आत निघून गेल्या.

मार्चअखेर त्यांचा धाकटा मुलगा द्रोणात सात कळ्या घेऊन आला. “आजीच्या झाडाच्या,” तो म्हणाला.